दातोबाचा दहावा

प्रॅक्टिकल परीक्षा आल्या की माझ्या पायाला भिंगरी लागते. घरात बसवत नाही, स्टाफरूममध्ये तर नाहीच नाही. अमळनेरात कुठे घराचं बांधकाम चालू असलं आणि रस्त्यावर तापीच्या वाळूचा ढीग पडलेला दिसला, की मी थांबते आणि छत्रीच्या टोकानं उकरत बसते. गवंडी हसतात. परवा एकानं विचारलंच, "मॅडम, काय हरवलं? कानातलं का?" मी म्हटलं, "दात." बिचारा माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

चाळिशी उलटलेली बाई, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, तेही अजून तासिका तत्त्वावर, आणि भर उन्हात वाळू उकरते. लोक हसणारच. सापडलं तर त्याचं काय करणार आहेस, एवढं मात्र मला कुणी विचारू नये. मी स्वतःलाही विचारत नाही. विचारलं की त्या वर्षीचा उन्हाळा आठवतो, आणि मग चहा गार होतो, पोरींच्या जर्नलवर सह्या चुकीच्या पानावर होतात.

आमच्याकडे परीक्षेचा हंगाम आणि पापड-बिबड्यांचा हंगाम एकच. पोरी तोंडी परीक्षेला येतात तेव्हा काहींच्या नखांत उडदाचं पीठ असतं. प्रयोगशाळेत फॉर्मालिनचा वास, खिडकीबाहेर निंबाच्या मोहराचा कडवट-गोड वास, आणि दोन्ही मिळून असं काही तयार होतं की डोकं भणभणतं. जळगावहून बाहेरचे परीक्षक येतात, पंख्याखाली बसतात, घाम पुसतात आणि दरवर्षी न चुकता विचारतात, "काय मॅडम, पीएचडी कुठपर्यंत आली?" मी म्हणते, "सर, सरबत घ्या."

पीएचडी मगरींवर होती. जिवंत मगरींवर नाही, त्यांच्या मेलेल्या नातेवाइकांवर. मूळची मी भडगावची, गिरणेकाठची. गिरणेत मी जन्मात मगर पाहिली नाही, म्हशीच पाहिल्या. पण कॉलेजात असताना एका जुन्या पुस्तकात चित्र पाहिलं, लांब सरळ पायांवर कोल्ह्यासारखी पळणारी मगर, आणि माझं डोकंच फिरलं. आपल्याला वाटतं मगर म्हणजे पाण्यात पडून राहणारी, जबडा वासून वाट बघणारी. छे! या खानदानात काय काय होऊन गेलं! जमिनीवर धावणारे होते, समुद्रात जाऊन पायांची वल्ही करून घेतलेले होते, आखूड नाकाचे, अंगभर हाडांच्या चकत्यांचं चिलखत घातलेले आणि चक्क पाला खाणारे होते. आज उरलेली मगर म्हणजे मोठ्या खटल्यातली सगळी माणसं पांगल्यावर घर राखत बसलेला एक म्हातारा. लोक त्या म्हाताऱ्याला बघून म्हणतात, हे घराणंच आळशी. मला राग येतो. कुणाच्या घरच्या गोष्टी माहीत नसताना बोलू नये.

आणि हे सगळं कळतं कशावरून? बोटभर जबड्यावरून, घोट्याच्या एका हाडावरून, पाठीच्या चकतीवर पडलेल्या खळग्यांवरून. दात सगळ्यात बोलके. आजच्या मगरीचे दात पाहा, पुढून मागपर्यंत सगळे एकाच वळणाचे, शंकूसारखे, लहानमोठे एवढंच. तिला चावायचं नसतं, धरायचं आणि गिळायचं असतं. पण तिच्या त्या जमिनीवरच्या जुन्या नातेवाइकांत काहींचे दात आपल्यासारखे वेगवेगळे होते. पुढचे कुरतडायला, मग एक सुळा, आणि मागे उंचवट्यांच्या दाढा. म्हणजे ते जेवण चावून खात होते! मला हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी जेवताना माझेच दात जिभेनं मोजत होते.

माझं दुखणं एकच होतं. माझ्याकडे स्वतःचं हाड एकही नव्हतं. सगळा अभ्यास दुसऱ्यांच्या फोटोंवर. पुण्याचे माझे मार्गदर्शक सर फोनवर म्हणायचे, "बाई, फोटोवर कुणी डॉक्टर होत नाही. नमुना आणा." नमुना कुठून आणू? खानदेशात खाली बघावं तिकडे काळा लाव्ह्याचा खडक. पीएचडी झाली तर पक्क्या नोकरीची आशा, नाहीतर दर जूनला पुन्हा नव्यानं मुलाखत. वय चौतीस झालं होतं आणि मुलाखतीला माझ्याच जुन्या विद्यार्थिनी शेजारी बसायला लागल्या होत्या.

त्या उन्हाळ्यात तोंडी परीक्षेला सोनल समोर आली. शिंदखेडा तालुक्यातली, तापीकाठच्या गावची, हुशार पण जरा फटकळ. टेबलावर आमच्या प्रयोगशाळेची तडा गेलेली मगरीची कवटी होती. मी विचारलं, "दातांबद्दल काय सांगशील?"

"सगळे एकसारखे, मॅडम. खोबणीत बसलेले." मग थांबली आणि म्हणाली, "आमच्या दातोबाचे तसे नाहीत."

"कोण दातोबा?"

"आमच्या विहिरीवरचा देव. त्याला तीन प्रकारचे दात आहेत, आजी सांगते."

परीक्षक हसले. मला हसू आलं नाही. मी तिला पूर्ण गुण दिले की कसे दिले मला आठवत नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं शिंदखेड्याला उतरले आणि काळीपिवळीत कोंबून घेऊन तिच्या गावी पोहोचले. दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, कापून झालेली, शेतं उघडी, कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या गंज्या बांधावर, आणि ऊन असं की काळीपिवळीच्या दांड्याला हात लावला तर फोड यावा.

सोनलच्या आजी, म्हणजे अक्का, अंगणात खाटेवर ज्वारीच्या बिबड्या वाळत घालत होत्या. "ये माय, बठ. उन्हमाईन उनी, पहिले पानी पी." पाणी प्यायले. सोनलचे वडील, त्यांना सगळे नाना म्हणत, शेतातून येईपर्यंत अक्कांनी दातोबाची सगळी हकिगत सांगितली. अक्कांच्या लग्नाच्या वर्षी सासऱ्यांनी विहीर खणायला घेतली. "तीस हात खंदी तरी हीरले पानी नही. मंग हाऊ निंघना, आन त्याना मांगे पानी उनं." तेव्हापासून तो विहिरीच्या काठावर, निंबाखाली. पहिल्या दिवसापासून शेंदूर. आणि तोंडात दात म्हणून काम ठरलं, दात येणाऱ्या लेकरांचं. हिरड्या सुजल्या, ताप आला, पोर रडरड रडलं की आया लांबून लांबून त्याला घेऊन येत, कपाळ टेकवत. पडलेले दुधाचे दात त्याच्या पायाशी पुरत.

मी जाऊन पाहिलं. वीतभर लांब, शेंदरानं नारळाएवढं फुगलेलं काहीतरी. पण एका टोकाला, तुटलेल्या कडेला, शेंदूर पोहोचला नव्हता. तिथे पिवळट-करड्या रंगाची बारीक जाळी दिसत होती. दगड की हाड हे ओळखायची आमच्या लोकांची एक गावठी पण खात्रीची युक्ती आहे. जुन्या हाडाला बारीक छिद्रं असतात, जीभ लावली की चिकटते. दगडाला चिकटत नाही. आता देवाला जीभ कशी लावायची? शेंदूर पोटात गेलेला बरा नाही हे मी प्राणिशास्त्राची बाई, मला कुणी सांगायला नको. पण धीर धरवेना. नमस्काराचं निमित्त करून वाकले आणि उचलली जीभ लावली देवाला.

चिकटली.

मागून अक्का भरल्या आवाजात म्हणाल्या, "देख सोनल, इतली शिकेल बाई शे, पन देवले कशी मुका लेस!"

मला त्या क्षणी लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. कानात नुसता घण पडत होता. दोन लाव्ह्यांच्या मध्ये, पहिला थंड होऊन गेल्यावर आणि दुसरा यायच्या आधी, इथे तळी होती, झाडं होती, आणि काठाच्या चिखलात हे काहीतरी पाला चावत हिंडत होतं. वर पुन्हा लाव्हा आला. तीस हात खणून अक्कांच्या सासऱ्यांनी नेमकं तेच तळं उघडलं होतं, पाणीही त्याच मऊ थरातून आलेलं. हे सगळं मला जागच्या जागी कळलं, आणि त्याच्या पाठोपाठ एक हलकट विचार आला. दगड आहे म्हटलं तर तो देवच राहील. हाड आहे म्हटलं तर? हाड कुणी घरात ठेवत नाही. हाडाला कुणी शेंदूर लावत नाही. हे लोक स्वतः होऊन म्हणतील, बाई, घेऊन जा हे.

अंगणात परतल्यावर अक्कांनीच मला संधी दिली. चहाची बशी हातात देत म्हणाल्या, "बाई, तू शिकेल शे. सांग, हाऊ देव कोन्ता शे?"

मी म्हटलं, "अक्का, वाईट वाटून घेऊ नका. हा देव नाही, दगडही नाही. हाड आहे. मेलेल्या जनावराचं."

नाना उठून उभे राहिले. सोनलनं माझ्याकडे असं पाहिलं की ती नजर आजही परीक्षेच्या दिवसांत मला भर वर्गात लागते. अक्कांनी पुन्हा हातात घेतलेलं बिबड्यांचं पीठ खाली ठिबकत राहिलं.

"हाडूक?" अक्का म्हणाल्या. "मी तठे बठ्ठा गावना लेकरेस्नं कपाय टेकाडं." मग जरा वेळानं, "कोनं हाडूक?"

"मगरीच्या नात्यातलं एक जनावर होतं."

"कितला दिन झायात त्याले मरीसन?"

"सहा-साडेसहा कोटी वर्षं, अक्का."

आकड्यानं त्या दबतील असं मला वाटलं. अक्कांनी पदरानं डोळे पुसले. "आन तव्हयपासून त्याना कोनी दहावा नही कया?"

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, ते असं. मी घाईघाईनं म्हटलं, मला द्या, मी कॉलेजात नेते, काचेच्या कपाटात नीट ठेवू, खाली नाव लिहू. अक्का माझ्यावर पहिल्यांदा चिडल्या. "तुना बापना हाडकं कपाटमा ठेवशी का?" येत्या अमावस्येला तापीवर विधी करून ते नदीत सोडायचं असं तिथल्या तिथे ठरलं. काळीपिवळीपर्यंत सोडायला आलेले नाना एवढंच म्हणाले, "मॅडम, सांगितलं नसतं तरी चाललं असतं."

अमावस्येला नऊ दिवस होते. त्या नऊ दिवसांत मी किती चालले असेन! प्रयोगशाळेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, घराच्या गच्चीवर, स्टेशनच्या रस्त्यावर. पुण्याच्या सरांना फोन केला. ते किंचाळलेच, "अहो बाई, काहीही करा, पण तो नमुना आणा!" काहीही करा म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आता कधी वाटतं, सरळ अक्कांचे पाय धरायला हवे होते. कधी वाटतं, फोटो काढून गप्प बसायला हवं होतं. त्या वेळी मात्र डोक्यात एकच. सहाव्या दिवशी मी पिशवीत कापूस आणि वर्तमानपत्रं भरली आणि कुणाला न सांगता पुन्हा त्या गावी गेले.

दुपारची वेळ. गाव दारं लोटून पडलेलं. विहिरीवर चिटपाखरू नाही. दातोबा निंबाच्या सावलीत, अंगावर मोहर पडलेला. मी चप्पल काढली. चोरी करायला गेलेल्या बाईनं चप्पल का काढावी, सांगा! उचलला, कापसात गुंडाळला, पिशवीत घातला. आणि वळले तर समोर एक तरणी बाई, कडेवर रडणारं लेकरू, लाळेनं हनुवटी भिजलेली. तिच्यापर्यंत हाडाची बातमी पोहोचली नसावी. रिकाम्या ओट्याकडे बघून ती घाबरून म्हणाली, "ताई, दातोबा कोठे गया?"

लेकराचा चेहरा तापानं लाल झाला होता. त्यानं माझ्या पिशवीचा बंद मुठीत धरला आणि तोंडात घातला.

"अठेच शे ना, माय," मी म्हटलं. "जराखं पुसाले काढा व्हता." पिशवीतून काढून परत ठेवला. तिनं लेकराचं कपाळ टेकवलं, माझ्याही पाया पडली आणि गेली. मी विहिरीच्या काठावर बसले आणि स्वतःला जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या दिल्या. येतात पुष्कळ, भडगावची आहे मी.

अमावस्येला मला बोलावणं होतं. नको म्हणायला तोंड नव्हतं. तापीच्या काठावर वीस-पंचवीस माणसं जमली होती. अक्कांनी आदल्या दिवशी दह्या-तेलानं शेंदूर सोडवला होता आणि ते धुतलेलं हाड पांढऱ्या फडक्यात बांधून मांडीवर घेतलं होतं. शिंदखेड्याहून आलेल्या गुरुजींनी विचारलं, "मयताचं गोत्र?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला एक अख्खं सत्र लागलं असतं. गुरुजींनीच सोडवलं. "माहीत नसेल तर काश्यप धरतात." पिंड ठेवले. माणसं मागे सरकली.

कावळा बाभळीवर बसला होता. खाली येईना.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. ऊन चढत होतं. नाना पुढे झाले, हात जोडून म्हणाले, "बाबा, हाडूक निंघनं म्हनीसन हीर आम्ही बुजनार नही." कावळ्यानं मान तिरकी केली. अक्का म्हणाल्या, "हीरवर दर अमावस्याले दिवा लावसू." काही नाही. गावातल्या आयाबायांनी, ज्यांची लेकरं तिथे टेकवली होती त्यांनी, एकेक करून विनवलं. कुणी म्हणालं, आमची चूक माफ कर, तुले वळखं नही. कावळा ढिम्म. माणसांचे चेहरे उतरायला लागले. असं झालं की घराला लागतं, हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं.

अक्का माझ्याकडे वळल्या. "बाई, आते तू बोल. तुलेच माहीत त्याले काय जोयजे."

मी पुढे गेले. कावळे माणसांच्या हालचालीला बिचकतात, गर्दी आणखी मागे घ्या म्हणजे तो येईल, हे मला माहीत होतं आणि तेच सांगायचं होतं. पण तोंडातून भलतंच निघालं. कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात मी म्हटलं, "मी तुला चोरायला आले होते. आता नेणार नाही. कपाटात ठेवणार नाही. जा तू."

आणि कावळा उतरला. आधी दगडावर, मग दोन उड्या, मग पिंडाला चोच.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, बायका रडायला लागल्या. माझ्या अंगावर काटा आला तो वेगळ्याच कारणानं. मगरीचं आज जिवंत असलेलं सगळ्यात जवळचं नातं कुणाशी? पाल नाही, घोरपड नाही, कासव नाही. पाखरं. फार जुन्या काळी एकाच आईबापापासून दोन घरं झाली, एक मगरींचं, एक पाखरांचं. दरवर्षी फळ्यावर ते झाड काढते मी, दोन फांद्या, खडूनं, सवयीनं. त्या काठावर जमलेल्या आम्हा सगळ्यांत त्या मेलेल्याचा सख्खा भाऊबंद एकच होता आणि तो पिंड खात होता. मी तो कावळा समजून-उमजून आला असं कधीही म्हणणार नाही. पण शब्द मी दिला होता, आणि तो दिला तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होते.

अक्कांनी फडकं सोडलं आणि हाड माझ्या ओंजळीत ठेवलं. "तू सोड."

पहिल्यांदाच मी ते उघडं पाहिलं. खालचा जबडा, डावी बाजू. पुढे कुरतडायचे बारीक दात, मग एक सुळा, आणि मागे तीन दाढा, उंचवटे झिजलेले. आयुष्यभर चावून झिजलेले. म्हातारं होतं ते जनावर. मला हवं होतं ते सगळं माझ्या दोन हातांत होतं. सोनल शेजारी येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, फोटो काढू?" तिचा मोबाइल हातात तयार होता. फोटोबद्दल मी कावळ्याला काही बोलले नव्हते. अक्का नदीकडे बघत उभ्या होत्या. मी म्हटलं, "नको." का म्हटलं, याचं उत्तर इतक्या वर्षांत मला सापडलेलं नाही. गुडघाभर पाण्यात गेले आणि हात उघडले. बुडायला क्षणही लागला नाही.

निघताना अक्का मला काळीपिवळीपर्यंत सोडायला आल्या. "बाई, घर गयी का पहिले डोकावरथीन आंगोय कर. सूतक शे तुले."

"माले? माले कसाले, अक्का?"

"मंग दुसरं कोन शे त्याले?"

अमळनेरला पोहोचले. दार लावलं, बादली भरली आणि डोक्यावरून पाणी घेतलं. दुसरा तांब्या ओतताना रडू फुटलं. बाप गेला तेव्हा रडले होते, तशी रडले.